सेवा क्लबचं रुग्णसाहित्य केंद्र: काय न्यावं, काय तपासावं, काय विकतच घ्यावं

हॉस्पिटलातून रुग्णाला घरी सोडताना जी यादी हातात पडते, तिच्यात पलंग, एअर बेड, कमोड खुर्ची, वॉकर असं चार-पाच वस्तूंचं सामान असतं. ते सगळं त्याच संध्याकाळपर्यंत हवं असतं, आणि किती महिने लागेल हे कोणी नक्की सांगू शकत नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींचा वॉकर काही आठवड्यांत सुटतो. अर्धांगवायूच्या रुग्णाला पलंग वर्ष-दोन वर्षंही लागू शकतो. अशा वेळी विकत घेणं पटत नाही आणि दुकानाचं महिन्याचं भाडं झेपत नाही. मोठ्या शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत रोटरी आणि लायन्स क्लबांनी चालवलेली रुग्णसाहित्य केंद्रं नेमकी इथे उपयोगी पडतात. अनामत रक्कम भरायची, कुठे कुठे नाममात्र भाडं द्यायचं, वस्तू न्यायची आणि काम झालं की परत करायची.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. क्लबांच्या सगळ्या उपक्रमांत ही सेवा आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. पलंग, व्हीलचेअर, कमोड खुर्ची आणि वॉकर केंद्रातूनच न्या. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) न्या, पण ऑक्सिजनची शुद्धता समोर मोजून दिली तरच. एअर बेड थोड्या दिवसांसाठी ठीक, महिन्याच्या वर लागणार असेल तर नवा घ्या. नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र), मास्क, नाकातल्या नळ्या, कफ ओढायच्या सक्शनच्या नळ्या यांपैकी काहीही दुसऱ्याचं वापरलेलं घेऊ नका, फुकट मिळालं तरी.

केंद्र चांगलं की वाईट, हे तिथे किती वस्तू आहेत यावरून कळत नाही, ते चालवणारे हात किती टिकतात यावरून कळतं. रोटरी आणि लायन्स, दोन्हींचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं. दर जुलैला पदग्रहण होतं, अध्यक्ष, सचिव, खजिनदार बदलतात, आणि नव्या अध्यक्षांचे नवे प्रकल्प येतात. रक्तदान शिबिर, नेत्रतपासणी, वृक्षारोपण ही एकेका दिवसाची कामं आहेत, माणसं बदलली तरी ती पार पडतात. साहित्य केंद्र मात्र वर्षाचे बारा महिने उघडावं लागतं, आणि दर वर्षी नव्या हातात गेलं की नोंदवही, सुटे भाग, अनामतीचा हिशेब यांपैकी काहीतरी गळतंच. जिथे क्लबाला जोडून नोंदणीकृत ट्रस्ट आहे, केंद्रासाठी तीन-चार वर्षं न बदलणारी समिती आहे आणि पगारी माणूस बसतो, तिथलं काम वेगळंच दिसतं. ट्रस्ट असण्यामागे आणखी एक कारण असतं. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटमधून घेतलेल्या साहित्याची मालकी क्लबाकडे किंवा सभासदाकडे ठेवता येत नाही, ती लाभार्थी संस्थेकडेच असावी लागते.

त्यामुळे पहिल्या फोनवर तीन गोष्टी विचारा: किल्ली कोणाकडे असते, रविवारी वस्तू मिळते का, आणि बिघडली तर कोणाला कळवायचं. तिन्हींची उत्तरं एकाच माणसाने न अडखळता दिली तर निश्चिंत राहा. सभासदाच्या औषधाच्या दुकानातून चालणारी केंद्रं लहान असतात, पण रात्रीपर्यंत उघडी असतात. वॉकर, कुबड्या, काठ्या तिथून पटकन मिळतात. पलंगासाठी मात्र ज्या क्लबाची स्वतःची वास्तू किंवा गोदाम आहे तिथेच जावं लागतं, आणि तिथली वेळ बहुधा दिवसातून तास-दोन तास एवढीच असते. जुलैच्या सुरुवातीला जाणार असाल तर फलकावरचा नंबर मागच्या वर्षीच्या पदाधिकाऱ्याचा असू शकतो, एवढं लक्षात ठेवा.

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णाचं आणि नेणाऱ्याचं आधार, दोघांच्या झेरॉक्स आणि अनामतीची रक्कम न्या. काही ठिकाणी सभासदाची किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाची सही मागतात. अनामतीला नाक मुरडू नका. काम झाल्यावर वॉकर माळ्यावर जातो आणि विसरला जातो. तो पुढच्या रुग्णापर्यंत पोहोचतो तो या रकमेमुळेच. रक्कम ट्रस्टच्या किंवा क्लबाच्या खात्यात जावी, एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर नको. पावतीवर वस्तूवर रंगवलेला नंबर, सोबतचे सुटे भाग, नेल्याची तारीख, मुदत आणि अनामत इतकं लिहिलेलं हवं. वस्तूवर आधीच पडलेला पोचा, फाटलेलं रेक्झिन, गंजलेला सांधा यांचे फोटो तिथेच काढा आणि देणाऱ्याला पाठवा. परत करताना वाद होतात ते बहुतेक याच गोष्टींवरून.

आता पलंग. सेमी फाउलर पलंगाला पायथ्याशी एकच हँडल असतं, त्याने पाठीकडचा भाग उचलतो. फुल फाउलरला दोन हँडलं असतात, दुसऱ्याने गुडघ्याखालचा भाग वर येतो. नाकातल्या नळीने अन्न द्यायचं असेल, धाप लागत असेल किंवा रुग्ण दिवसाचा बराच वेळ टेकून बसणार असेल, तर फुल फाउलर मागा. कारण नुसती पाठ उचलली की माणूस हळूहळू पायथ्याकडे घसरतो. घसरताना कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. माकडहाडापाशी जखम सुरू होते ती या ताणामुळे. म्हणून आधी गुडघे थोडे उचलायचे, मग पाठ. खाली आणताना आधी पाठ, मग गुडघे. सेमी फाउलरच मिळाला तर गुडघ्याखाली घडी केलेलं ब्लँकेट ठेवा. नळीने अन्न देताना आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास पाठ ३० ते ४५ अंशांवर राहू द्या.

केंद्रात पलंग तपासताना रिकामा फिरवून बघू नका. सोबतच्या माणसाला वर झोपवा आणि हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. करकर आवाज आला तर स्क्रू कोरडा आहे, ग्रीस लावलं की भागतं. पण वजन असताना हँडल मध्येच निसटत असेल किंवा पाठ आपोआप खाली येत असेल तर आटे झिजले आहेत. तो पलंग घेऊ नका. कठड्यांच्या खिट्ट्या दोन्हीकडे बसतात का, चाकांपैकी निदान दोन चाकांचे ब्रेक लागतात का, तेही पाहा. हँडल वापरून झालं की आत दुमडा, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागतं.

पलंग साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असतो. डोक्याचा आणि पायाचा बोर्ड निघतो, पण मधली फ्रेम बहुधा अखंड असते आणि लहान लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याचं वळण आधी मोजा. टेम्पोबरोबर उचलणारी दोन माणसं ठरवा, केंद्राकडून माणसं मिळतील हे गृहीत धरू नका. घरात एका बाजूने निदान अडीच फूट जागा मोकळी हवी, कारण कूस बदलायला आणि चादर काढायला माणूस वाकून उभा राहायला लागतो. पायथ्याशी हँडल फिरवण्यापुरती जागा सोडा. चाकांसकट पलंग आणि त्यावर चार इंची गादी एवढ्या उंचीवर बसल्यावर बुटक्या माणसाचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पलंग सारखा हलवायचा नसेल तर चाकं काढून रबरी बूट बसवून मागा, दोन-चार इंच कमी होतात.

एअर बेडबद्दल सर्वांत जास्त गैरसमज दिसतात. त्याच्या आत हवेचे कप्पे असतात आणि पंप दर काही मिनिटांनी एकाआड एक कप्पे भरतो, रिकामे करतो, म्हणजे अंगाच्या एकाच जागी सतत दाब राहत नाही. तो पलंगाच्या गादीवर अंथरायचा असतो, गादीऐवजी नव्हे. वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. आपल्याकडे मायेपोटी वर गोधडी, तिच्यावर रबरी शीट, तिच्यावर दुहेरी चादर असा थर चढतो आणि खालच्या हवेचा काही उपयोगच उरत नाही. पंप चोवीस तास चालू ठेवायचा. बटण वजनाप्रमाणे लावायचं. फार कडक केलं तर साध्या फळीवर झोपवल्यासारखं होतं, फार सैल केलं तर अंग खाली टेकतं. बरोबर आहे का हे पाहायची सोपी रीत अशी: रुग्ण उताणा झोपलेला असताना एअर बेडच्या खाली, नेमका कमरेखाली, तळहात वर करून हात सरकवा. रुग्णाचं हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे.

वीज गेली की काय करायचं, हे केंद्रात विचारून घ्या. बऱ्याच मॉडेलांत पंपाच्या दोन्ही नळ्या काढून त्यांची तोंडं एकमेकांत बसवली की हवा काही वेळ टिकते. नळी पलंगाच्या चाकाखाली किंवा कठड्यात चिमटली की अर्धा बेड सपाट राहतो. पंप बिघडला म्हणून परत येणाऱ्या कित्येक बेडांत एवढंच झालेलं असतं. साडीची पिन, बांगडी, नखं कापायचं यंत्र यांनी पंक्चर होतं. आणि एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, त्यातून सुटका नाही.

तपासायला वेळ लागतो, तो द्या. पूर्ण फुगायला वीस-तीस मिनिटं लागतात. फुगल्यावर हात फिरवून एकाआड एक रांगा घट्ट-सैल होतात का ते बघा, आणि कान लावून सूंऽऽ आवाज येतो का ऐका. ज्यावर ठिगळं आहेत किंवा शिवणीत डाग आहेत तो नको. पाण्याने पुसलेला दिसला तरी कप्प्यांच्या सांध्यांत मळ राहतो. म्हणूनच लांबच्या आजारपणासाठी नवा घ्या असं आम्ही म्हणतो. पंप आणि बेड वेगवेगळे मिळत असतील तर केंद्राचा पंप आणि आपला नवा बेड हाही मार्ग आहे, फक्त नळीची तोंडं जुळतात का ते पाहून घ्या.

व्हीलचेअर नेण्याआधी घरातल्या सगळ्यांत अरुंद दाराची रुंदी मोजा, तीही दार पूर्ण उघडून, फळीची जाडी वगळून. नेहमीच्या खुर्चीची सीट अठरा इंची असते, पण चाकांसकट रुंदी पंचवीस इंचांच्या आसपास जाते आणि बाथरूमचं दार तिथेच आडवं येतं. चारही चाकं लहान असलेली खुर्ची दुसऱ्याने ढकलायची असते. हातात बळ असलेल्या रुग्णाला मोठ्या चाकांची द्या, म्हणजे तो स्वतः फिरेल. दोन्ही ब्रेक लावून बसवायचं आणि उठवायच्या आधी पायपट्ट्या वर करायच्या. पायपट्टीवर पाय ठेवून उभं राहायला गेलं की खुर्ची पुढे उलटते. पायरी उतरताना खुर्ची पाठमोरी, मोठी चाकं आधी. उतार करून घेणार असाल तर एक इंच उंचीला एक फूट लांबी धरा. सहा इंची उंबऱ्याला सहा फूट. सुताराला नुसतं सांगितलं तर तो दोन फुटांत बसवून देतो, आणि त्यावरून खुर्ची चढवताना मागच्या माणसाची कंबर जाते.

कमोड खुर्चीत वेल्डिंग आणि गंज एवढंच पाहायचं, पण नीट पाहायचं: सीट उचलून खालचे सांधे बघा. भांडं नवीन घ्या, ते बाजारात सुटं मिळतं. वॉकरची उंची ठरवताना रुग्णाला सरळ उभं करा, हात मोकळे सोडायला सांगा. वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. चारही पायांची बटणं सारख्याच भोकात बसली आहेत का आणि खालची रबरं झिजली आहेत का, हे रोज पाहा. रबर झिजून नळी फरशीला लागली की ओल्या लादीवर वॉकर सटकतो. नवी रबरं स्वस्त असतात, केंद्राने ती डबाभर ठेवायलाच हवीत. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. काठी असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बरेच जण उलट धरतात.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ही यंत्रं क्लबांकडे मोठ्या संख्येने आली आणि नंतर त्यातली कित्येक कोपऱ्यात पडून राहिली. आतला झिओलाइटचा थर हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे सोडतो. यंत्र महिनोन्महिने बंद राहिलं, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, तर हा थर ओल धरतो आणि निकामी होत जातो. यंत्र चालू होतं, आवाज येतो, नळीतून हवाही येते, फक्त तिच्यात पुरेसा ऑक्सिजन नसतो. नळी पाण्याच्या ग्लासात धरून बुडबुडे दाखवणं ही तपासणी नव्हे, त्याने प्रवाह कळतो, शुद्धता नाही. ॲनालायझर लावून मोजायला सांगा. यंत्र दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि मिनिटाला पाच लिटर देणारं यंत्र पाच लिटरवरच ठेवून मोजा. थकलेलं यंत्र दोन लिटरवर चांगला आकडा दाखवतं आणि पूर्ण प्रवाहावर घसरतं. ९० टक्क्यांच्या वर आकडा हवा. ज्या केंद्राकडे ॲनालायझर नाही, तिथून कॉन्सन्ट्रेटर नेऊ नका. आणि जे क्लब महिन्यातून एकदा प्रत्येक यंत्र काही तास चालवून ठेवतात, त्यांचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं, कारण हे काम कोणाला दिसत नाही.

घरी यंत्र भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, बाहेरचा स्पंजचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलून. देवघर त्याच खोलीत असेल तर समई, निरांजन, उदबत्ती दुसऱ्या खोलीत न्या. चादर आणि केस ऑक्सिजनने भारलेले असतात, ठिणगी पुरते. नाक कोरडं पडलं म्हणून पेट्रोलियम जेली लावू नका. प्रवाह किती लिटर हे डॉक्टरच ठरवतील. फुप्फुसांच्या जुनाट सीओपीडी आजारात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त गेला तरी धोका असतो, अशा रुग्णांत डॉक्टर सहसा रक्तातला ऑक्सिजन (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा) ८८ ते ९२ टक्के असला तरी समाधान मानतात.

विजेचा हिशेबही आधीच करा. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट खातं, म्हणजे चोवीस तास चालवलं तर दिवसाला आठ युनिटांच्या वर आणि महिन्याला सुमारे २५० युनिट. बिलाचा स्लॅब बदलतो. भारनियमनासाठी जवळ सिलिंडर हवाच. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो, दोन लिटर प्रवाहाला बारा तास पुरतो. मोठ्या जंबोत ७००० लिटर, म्हणजे दोन दिवसांहून थोडा जास्त. सिलिंडर नेताना रेग्युलेटर आणि चावी सोबत आहे ना, हे पाहिल्याशिवाय केंद्रातून निघू नका. बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सेटिंगशिवाय केंद्रानेही देऊ नये.

आमची एकच मोठी तक्रार आहे: बहुतेक केंद्रं वस्तू देतात, वापर शिकवत नाहीत. वर लिहिलेल्यातलं निम्मं दहा मिनिटांत दाखवता येतं. रोटरॅक्ट आणि लिओ या रोटरी-लायन्सच्या युवा क्लबांची तरुण मुलं हे काम उत्तम करू शकतील. गावातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकवून घेतलं आणि प्रत्येक वस्तूचा मराठीत दोन मिनिटांचा व्हिडिओ केला, तरी खूप झालं. क्लबाने नवा पलंग घेण्याआधी हे करावं असं आम्हाला कळकळीने वाटतं.

परत करताना साबणाच्या पाण्याने पुसा. रेक्झिन आणि कठड्यांवर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट फिरवून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुन्हा पुसा, नाहीतर लोखंड गंजतं. पावती समोर ठेवून हँडल, कठडे, गादी, वायर, नळ्या मोजा. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी कळवा, बहुतेक ठिकाणी विनातक्रार वाढवून देतात. अनामत दान म्हणून ठेवायची असेल तर ट्रस्टच्या नावाची आयकर सवलतीची पावती मागा (तिला ८०जी पावती म्हणतात). दोन हजारांवरचं दान रोखीने दिलं तर करात सूट मिळत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइन. स्वतःची वस्तू द्यायची असेल तर ती चालू स्थितीत आणि सगळ्या सुट्या भागांसकट द्या, उघडलेली डायपरची पाकिटं आणि उरलेली औषधं केंद्रावर टाकू नका. रुग्णाच्या निधनानंतर पलंग घरात नकोसा होतो, त्या वेळी केंद्राला फोन करून तसं सांगितलं तर अनेक क्लब टेम्पो पाठवून तो उचलून नेतात आणि अनामत नंतर खात्यावर जमा करतात.